भिकाची भरलेली बाटली

मी पारोळ्याचा. पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. या एप्रिलमध्ये सुजाता माझ्याकडे आली. ती जळगावच्या एका कॉलेजात शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर व्हिएतनामला जाणार होती. सहा दिवस जंगलातून पायी.

"काका, तुम्ही जंगलात राहिलात. माझी तयारी करून घ्या."

सुट्टी काढून चालायला जाणारी माणसं मला कळत नाहीत. मी चोवीस वर्षं चाललो, ते हुकूम होता म्हणून. पण तिला नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. सुजाता म्हणजे लान्स नायक भिकाची मुलगी. भिका पिंपळनेरचा. माझ्या सेक्शनमध्ये होता आणि माझ्यासमोर गेला. तेव्हा ती पाच वर्षांची होती. गस्तीवर उष्माघात झाला, एवढंच घरच्यांना ठाऊक होतं.

मी तिला सामानाची यादी दिली. बूट नवे नकोत, महिनाभर घालून मऊ केलेले हवेत. मोजे चार जोड, त्यातला एक प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा. जळवांसाठी मोज्यांना तंबाखूचं पाणी. प्यायच्या पाण्याबद्दल मी काही लिहिलं नाही. तिथे हातच चालला नाही.

रविवारी सरावासाठी ०६:०० वाजता आम्ही अमळनेर रस्त्याला लागलो. तिच्या पाठीवर आठ किलो. मी रिकामा, वयाचा एवढा तरी फायदा हवाच. ती चांगली चालत होती. भिकासारखीच, जरा पुढे वाकून, न बोलता. ०९:१५ ला एका निंबाखाली थांबलो. ऊन चढलं होतं. तिने बाटली काढून माझ्यासमोर धरली.

"देखा काका, बठ्ठं पानी शिल्लक शे. एक घोट नही पिधा!"

सगळं पाणी शिल्लक ठेवलं म्हणून केवढी खूश होती. मी बांधावर बसलो.

"आधी पी," मी म्हणालो. "मग सांगतो."

तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

ईशान्येतली पोस्टिंग होती. चार दिवसांची गस्त, दहा जवान. मी तेव्हा हवालदार, सेक्शन कमांडर. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशावरचा नाला कोरडा निघाला. पुढचं पाणी डोंगरापलीकडे, सहा तासांवर. प्रत्येकाकडे एकेक बाटली. ०८:३० ला मी हुकूम दिला.

"पाणी जपा. पुढचं पाणी लागेपर्यंत कुणी बाटली उघडायची नाही."

आम्ही खानदेशी. पाणी जपायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण इकडचं ऊन कोरडं, घाम वाळतो आणि अंग निवतं. तिकडे घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. तिथे पाणी बाटलीत नाही, पोटात ठेवायचं असतं. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी गावाकडची अक्कल तिथे चालवली.

जवान चोरून घोट घेत होते. मी डोळेझाक केली. सगळेच पीत असतील असं धरून चाललो.

१३:१० ला भिका कोसळला. अंग भाजत होतं, घाम थांबला होता. "इंजिन बंद करा, विहीर आटनी," असं काहीतरी बरळत होता. आम्ही त्याच्या पाठीवरचा पिट्टू आणि कमरेचा पट्टा काढून बाजूला टाकला. कोसळलाय म्हणजे याचं पाणी संपलं असणार, असं सगळ्यांना वाटलं. प्रत्येकाने आपापलं उरलेलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. मी रेडिओ घेतला.

"चार्ली टू. वन कॅज्युअल्टी. हीट. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"ढग खाली आहेत. एक तास थांबा. ओव्हर."

"एक तास नाही आमच्याकडे. ओव्हर."

१४:०५ ला भिका गेला.

सामान गोळा करताना मी त्याचा पट्टा उचलला. जड लागला. त्याला अडकवलेली बाटली काठोकाठ भरलेली होती. ज्यांनी माझा हुकूम मोडला ते वाचले. ज्याने पाळला तो गेला. कुणी बघत नाही असं पाहून मी ती बाटली जमिनीवर ओतली. चौकशीत सांगितलं, पाणी सगळे वेळच्या वेळी पीत होते.

तो ओतल्याचा आवाज अजून कानात आहे. बायको अंगणात झाडांना पाणी घालू लागली की मी उठून आत जातो. तिला वाटतं, मला डास चावतात.

सुजाताने सगळं ऐकलं. मग बाटली तोंडाला लावली आणि संपवली. परतीच्या एसटीत ती एवढंच बोलली.

"आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. आज कडक ऊन, उद्या लग्नाचं आमंत्रण, अशी कारणं काढत राहिलो. सुजाता व्हिएतनामला गेली. तिथून रोज संध्याकाळी तिचा एक फोटो यायचा, उलटी धरलेली रिकामी बाटली. मी उत्तर द्यायचो, "ओके." सहाव्या दिवशी फोटोखाली दोन ओळी होत्या.

"माझं चालणं झालं. तुम्ही पिंपळनेरला कधी जाताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एसटी पकडली. शोभावहिनींसमोर, सुजाताच्या आईसमोर उभा राहिलो आणि रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं, वेळांसकट. बाटली ओतल्याचंही. त्या भिकाच्या फोटोकडे बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, आता मला निघा म्हणतील. म्हटलं असतं तरी चुकलं नसतं.

त्या तांब्याभर पाणी घेऊन आल्या.

"भाऊ, बठ्ठं पी टाका. मांगे ठेवानं नही."

तांब्या रिकामा होईपर्यंत त्या माझ्यासमोरून हलल्या नाहीत.