कप हलवायचा नाही

आमच्या मावसाजींइतका भित्रा माणूस अख्ख्या लातूरच्या बाजारात झाला नाही, आणि आमच्या सगळ्या गणगोतात समुद्र ओलांडून आलेले तेवढे तेच एकटे. मांजर आडवं गेलं की ते आडतीचं दुकान बंद करून घरी येत, बस वळणावर कलली की शेजाऱ्याचा दंड धरत, न्हाव्याच्या हातात वस्तरा दिसला की त्याच्या लेकराबाळांची आपुलकीनं चौकशी सुरू करत. असा हा माणूस तरुणपणी मुंबईच्या एका व्यापाऱ्याबरोबर डाळीचे नमुने घेऊन आगबोटीनं एडनला गेला कसा, याचं आम्हा सगळ्यांना नवल वाटे. मावशीला मात्र वाटत नसे. "न्हाई म्हणायला भ्याले, म्हणून गेले," ती म्हणायची.

एडनमध्ये ते कडक भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर जगले. एका दुपारी तिथल्या अरब व्यापाऱ्यानं त्यांना बैठकीत बसवून आल्याचा कहवा दिला, बिनकानाच्या इवल्याशा कपात. कप रिकामा झाला की तो लगेच भरी. त्याच्या कमरेला वाकडा जंबिया होता, त्यामुळं 'पुरे' म्हणायची मावसाजींची छाती होईना. पोट तट्ट फुगलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तरी हे आपले पितायत. शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्याला दया आली आणि त्यानं आपला कप हातात धरून हलवून दाखवला. तिकडची रीतच तशी होती. पाहुणा कप हलवत नाही, तोवर यजमानानं ओतायचं थांबायचं नाही. "तवा मी कप असा हलवला," मावसाजी सांगत, "की त्यो अरबबी भ्याला."

गंजगोलाईच्या मागं चाऊसचाचांचं हॉटेल होतं. त्यांचे पूर्वज अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आलेले. तिथं तसाच कहवा मिळे, तसलाच बिनकानाचा कप, सोबत रोटी आणि मध. दर शनिवारी मावसाजी मला घेऊन जात, खिम्याच्या पातेल्याकडं पाठ करून बसत आणि पहिल्या घोटाला त्यांची आगबोट सुटे. टेबल धरून ते म्हणत, "लाट यायलीय, नीट बस." मीही टेबल धरी. चाचांनी स्वतः अरबस्तान कधी पाहिलं नव्हतं. ते किटली घेऊन उभ्या उभ्या विचारत, "शेटजी, वहाँ का समंदर कैसा था?"

"लई भ्याव होतं," मावसाजी खुशीत सांगत. बाकीच्या भीतींनी त्यांना जन्मभर छळलं, ही एवढी एकच ते चवीनं घेत.

मग लातूर जिल्हा झाला. सगळीकडं पेढे वाटले गेले आणि पाठोपाठ दुष्काळ आला. टँकरपुढं घागरींच्या रांगा लागल्या. नव्या जिल्ह्याला रुंद रस्ते हवे होते, म्हणून पाडायच्या दुकानांवर लाल खुणा झाल्या, त्यातली एक चाचांच्या दारावर. त्यात विहीरही आटली. चाचांनी नांदेडला लेकीकडं जायचं ठरवलं आणि मावसाजींची झोप उडाली. "हाटेल गेल्यावर मी जायचं कुठं?" ते पुन्हा पुन्हा मला विचारत. एरवी मी हसलो असतो. पण त्यांचा चेहरा बघून मलाच धास्ती वाटायला लागली.

शेवटच्या शनिवारी घागरीच्या तळाशी होतं नव्हतं तेवढं पाणी चाचांनी कहव्याला टाकलं. मावसाजी प्यायले, चाचांनी कप भरला. पुन्हा प्यायले, पुन्हा भरला. किटली हलकी होत चालली होती.

"मावसाजी, कप हलवा आता," मी हळूच म्हणालो.

त्यांनी कप पुन्हा पुढं केला. पण भीतीनं त्यांचे हात थरथरायला लागले आणि कप आपोआप हलू लागला. तशी त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट घट्ट आवळून धरलं. चाचांनी ते पाहिलं.

"शेटजी, पानी खतम हुआ."

"ऱ्हाऊ द्या. वता."

चाचांनी रिकामी किटली कपावर तिरपी केली. मावसाजींनी तो रिकामा कप ओठांना लावला आणि सावकाश खाली ठेवला.

पुढं तिथून रुंद रस्ता गेला. तो ओलांडताना मावसाजी माझा दंड धरत आणि मधोमध, हॉटेल होतं त्या जागी आले की पुटपुटत, "लाट यायलीय, नीट धर."

मी धरत असे.