चिकटवलेली पानं

उन्हाळ्याची सुट्टी संपायला चार दिवस होते आणि शाळेत आम्ही दोघंच होतो, जीवशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी. प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर त्यांनी नव्या पुस्तकांचे ढीग लावून ठेवले होते आणि शेजारी गोंदाच्या कांड्यांचं खोकं. पुस्तक तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं होतं. त्यांनी एक उघडलं, समोरासमोरच्या दोन पानांवर गोंद फिरवला, पानं एकमेकांवर दाबली आणि तळहाताने सपाट केली. मग पुढच्या दोन पानांचं तेच.

"असं," ते म्हणाले. "सगळ्या पुस्तकांना."

मला वाटलं, छपाईत काही घोटाळा झाला असेल. मी दुसरं पुस्तक उघडून पाहिलं. देवमाशाच्या सांगाड्याचं चित्र होतं, मागच्या बाजूची दोन इवलीशी हाडं बाणाने दाखवलेली. पलीकडे माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि मांजराचा पुढचा पाय, हाडांना एकेक रंग देऊन शेजारी शेजारी काढलेले. उत्क्रांतीचा हा धडा मी पुण्यात नऊ वर्षं शिकवला होता.

"यात चूक काय आहे?" मी विचारलं.

"चूक काही नाही," ते म्हणाले. "इथल्या पालकांना नको आहे." आणि ते माझ्यासाठी कॉफी आणायला गेले.

माझा नवरा उट्रेक्ट या डच शहरातल्या एका कंपनीत लागला, तेव्हा त्याच्या निवास-परवान्यावर अवलंबून म्हणून मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी इथे आलो. उट्रेक्टमध्ये घर मिळेना, म्हणून अर्ध्या तासावरच्या एका नदीकाठच्या गावात राहिलो. शांत, स्वच्छ, देवभोळं गाव. रविवारी कुणी गवत कापत नाही. पहिल्याच रविवारी मी अंगणात कपडे वाळत घातले तर शेजारच्या बाई केकचा तुकडा घेऊन आल्या आणि फार गोड शब्दांत म्हणाल्या की इथे सोमवारीसुद्धा छान ऊन पडतं. मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. आपल्याकडे नाही का, एकादशीला कांदा चिरला तर शेजारीण नाक मुरडते.

डच शिकण्यात तीन वर्षं गेली. पदवीचे कागद तपासून आले, तर शिक्षिका व्हायला आणखी दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागेल असं कळलं. गावातल्या माध्यमिक शाळेला मात्र प्रयोगशाळेत सहायक हवी होती आणि त्यांना माणूस मिळत नव्हता. शाळा चर्चच्या विचारांची, पण चालते सरकारच्या पैशावर. या देशात तशी सोयच आहे. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "आमच्या श्रद्धेचा आदर राखशील ना?" मी म्हटलं, अगदी. आदर म्हणजे प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहायचं, अशी माझी समजूत होती.

तर मी पानं चिकटवली. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी पाळत ठेवून उभं नव्हतं. विभागप्रमुख शेजारच्या खोलीत वेळापत्रक करत बसले होते आणि मी एकामागून एक पुस्तक उघडत होते. पहिली दहा-बारा पुस्तकं मी प्रत्येक चित्र एकदा पाहून मग चिकटवत होते. नंतर हाताला सवय झाली, आणि सगळ्यांत किळस मला त्या सवयीची आली. तिसऱ्या ढिगापर्यंत तर मी कोपरे नीट जुळताहेत का, हे पाहायला लागले होते. एका पुस्तकात गोंद जास्त झाला आणि कडेने बाहेर आला, तर मी तो ओल्या कपड्याने पुसला. काम स्वच्छ व्हावं म्हणून! दुपारी डबा उघडला. पोळीला गोंदाचा वास लागला होता. पोळी टाकून दिली आणि भाजी चमच्याने खाल्ली.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "अगं, त्यांची शाळा, त्यांची पुस्तकं. तू कशाला जिवाला लावून घेतेस? किती वर्षांनी नोकरी लागलीये."

त्या शनिवारी उट्रेक्टला एका मराठी मित्राकडे जेवण होतं. हा नवऱ्याचा सहकारी, मूळचा मुंबईचा. रविवारचा मुलांचा मराठीचा वर्ग मी त्याच्याच घरी घेत असे. मिसळीच्या वाट्या हातात घेऊन सगळे बसलो होतो, तेव्हा नवऱ्याने ती चिकटवण्याची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. हशा पिकला.

"म्हणजे बघा," तो मित्र म्हणाला, "एवढा प्रगत देश आणि अजून बायबलातली सहा दिवसांत सृष्टी! आपल्याकडे असलं काही नाही हो वहिनी. आपला दशावतार काय आहे? मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग नृसिंह. आधी पाण्यातला, मग पाण्याबाहेरचा. उत्क्रांतीच आहे ती. आपल्या लोकांना हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं."

"आपल्याकडे दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचं प्रकरणच काढलंय म्हणे," त्याची बायको म्हणाली.

"बरंच झालं. पोरांवर ओझं किती! आणि दशावतार घरी शिकवला की झालं," तो म्हणाला आणि माझ्या वाटीत तर्री वाढली.

मी मान डोलावली. मला तिथेच म्हणता आलं असतं की परशुराम आणि राम यांच्यात कसली उत्क्रांती झाली ते सांगा. पण यजमानाच्या घरी, त्याची मिसळ खाताना, तसं म्हटलं नाही मी.

आमची मुलगी तेव्हा चौदाची होती. ती मराठी सगळं समजते, उत्तर डचमध्ये देते. गाडीत मागे बसली होती. गाव जवळ आल्यावर तिने डचमध्ये विचारलं, "आई, तू 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"मिसळ खाताना वाद कशाला घालायचा?"

"ते नाही. शाळेत. तू का चिकटवलीस?"

तिच्या वर्गात त्याच वर्षी तोच धडा होता. ती सरकारी शाळेत जायची. मी म्हटलं, नोकरीत सांगितलेलं करावं लागतं. ती म्हणाली, "व्हीस." म्हणजे घाण, किळसवाणं. इथली मुलं बुरशी आलेल्या पावाला म्हणतात तो शब्द. नवरा म्हणाला, "आईशी असं बोलायचं नाही." पण तो शब्द बरोबर होता, आणि मला जे आठवत होतं ते तर तिला माहीतच नव्हतं.

पुण्यात आठवी-नववीला शिकवताना मानवी प्रजननाचा धडा आला की मुख्याध्यापिका शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगायच्या, "हा घरी वाचायला सांगा." मी नऊ वर्षं फळ्यावर धड्याचा क्रमांक लिहून "घरी वाचून या" म्हणत आले. मुली खाली माना घालून वहीत लिहून घ्यायच्या. एकदा एकीने हात वर केला होता. मी तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि पुढचा धडा काढला. तिथे गोंदाची गरज पडली नव्हती, एवढाच फरक.

ऑक्टोबरमध्ये मधल्या सुट्टीत एक मुलगी प्रयोगशाळेच्या दारात आली. लांब स्कर्ट, दप्तर छातीशी धरलेलं. तिने पुस्तक माझ्यापुढे उघडलं. ती पानं सुटी झाली होती, फुगलेली, सुरकुतलेली. किटलीच्या वाफेवर धरून तिने ती सोडवली होती.

"मेव्राऊ," ती म्हणाली, म्हणजे बाई, "देवमाशाला पायाची हाडं कशाला?"

"सरांना विचार," मी म्हटलं.

"विचारलं. ते म्हणाले, घरी विचार. घरी विचारलं तर बाबा म्हणाले, शाळेत असलं काही शिकवत नाहीत."

"मग मोठ्या वर्गात गेलीस की कळेल." असं म्हणून मी परीक्षानळ्या धुवायला घेतल्या. तिने पुस्तक दप्तरात घातलं आणि ती गेली. त्या वेळी स्वतःच्या तोंडाची चव मला अजून आठवते.

त्याच दुपारी मी विभागप्रमुखांना गाठलं. इथे सगळे एकमेकांशी एकेरीत बोलतात, पण मी त्यांना शेवटपर्यंत अहोजाहोच केलं. चांगला माणूस. माझं डच चुकलं तर कुणाच्या देखत दुरुस्त करायचे नाहीत. मी आजारी पडले तेव्हा घरी फुलं पाठवली होती. मी विचारलं, "राग मानू नका, पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं? पृथ्वी सहा दिवसांत झाली?"

ते हसले. "मी विद्यापीठात गोगलगायींच्या शंखांवर काम केलंय. शंख पिढ्यानपिढ्या कसे बदलत गेले, त्यावर. माझ्या घरी त्यांचे तीन खण भरलेत."

"मग?"

"मग काय? माझी आई चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसते. माझी मुलं याच शाळेत आहेत. वरच्या वर्गाला परीक्षेसाठी लागतं तेव्हा शिकवतोच की मी. 'शास्त्रज्ञ असं मानतात' असं म्हणून शिकवतो. कुणी दुखावत नाही." आणि त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला.

देव मानणाऱ्या माणसाची मला कधी किळस आली नाही. माझी आई रोज पूजा करते, शेजारच्या बाई जेवायच्या आधी डोळे मिटतात, त्यांचं त्यांना सुख. पण हा माणूस शंख खणात ठेवून, हातात गोंद घेऊन उभा होता आणि वर समजूतदार दिसत होता. मी बिस्किट घेतलं नाही. आणि लगेच मनात आलं, बाई, तू कोण मोठी लागून गेलीस?

पुढच्या आठवड्यात ती मुलगी व्हरांड्यात दिसली तेव्हा मीच तिला आत बोलावलं. कपाटातून माणसाचा प्लॅस्टिकचा सांगाडा ओढून काढला, शेपटीची खूण म्हणून उरलेलं त्याचं माकडहाड दाखवलं आणि तिचं तिला चाचपून पाहायला सांगितलं. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांवर चालायचे, पाण्यात राहता राहता मागचे पाय कसे लहान होत गेले आणि हाडांचे अवशेष कसे उरले, हे सांगितलं. वीस मिनिटं लागली. इतक्या वर्षांनी शिकवत होते आणि तेही परक्या भाषेत, पण शब्द अडले नाहीत.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढंच? मग हे लपवलं कशाला?"

मी सांगाडा परत कपाटात ढकलला.

तिने ते रात्री जेवताना घरी सांगितलं. वडिलांची चिठ्ठी आली आणि मला संचालकांनी बोलावलं. तिथेही कॉफी होती. "तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही," ते म्हणाले. "पण तू सहायक आहेस, शिक्षिका नाहीस. आणि शाळेची एक ओळख आहे, तिच्याशी हे जुळत नाही." त्या वडिलांना माफीची चार ओळींची चिठ्ठी लिहिली तर विषय संपेल, असं त्यांनी सुचवलं. विभागप्रमुख शेजारी बसून कपात पाहत होते. मी एकदा त्यांच्याकडे वळून म्हटलं, "मी मुलीला काही खोटं सांगितलं का?" त्यांनी संचालकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रश्न तो नाही."

घरी नवऱ्याने माफीची चिठ्ठी लिहून दिली, उत्तम इंग्रजीत. मी ती डचमध्ये उतरवायला बसले. पहिल्या ओळीत 'मला खेद वाटतो' लिहिलं. खेद वाटतच होता, पण त्या बापाला सांगण्यासारखा नव्हता. मी कागद बाजूला ठेवला. मुलगी सगळं पाहत होती. तिने उठून मला चहा करून दिला. पाणचट झाला होता, साखर विसरली होती. मी सगळा प्यायले.

चिठ्ठी मी पाठवली नाही. जुलैमध्ये माझा करार संपला आणि पुढचा मिळाला नाही. त्या मुलीला मी नंतर एकदा सुपरमार्केटबाहेर पाहिलं, आईबरोबर सायकलला कुलूप लावत होती. तिने मला ओळखलं आणि मान खाली घातली. मी पुढे गेले.

इकडे मराठी मंडळींत मात्र माझं भारीच कौतुक झालं. तो मुंबईचा मित्र म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला. त्यांना दाखवून दिलंत!" आणि पुढच्याच रविवारी वर्गासाठी त्याने एक मोठा रंगीत तक्ता छापून आणला. वर डावीकडे मासा, मग कासव, मग वराह, बाण काढत काढत शेवटी सूटबूट घातलेला माणूस. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपली उत्क्रांती'. आठ मुलं चटईवर बसून त्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, "दशावताराची गोष्ट मी मुलांना सांगेन. छान गोष्ट आहे. हा तक्ता लावणार नाही."

"का बरं?"

"हे खरं नाही म्हणून."

तो हसत होता, तो थांबला. "कमाल आहे. त्यांच्या मुलीला शिकवायला नोकरी घालवलीत आणि आपल्या मुलांना आपलं सांगायला लाज वाटते?"

"तिला जे सांगितलं तेच यांना सांगणार आहे," मी म्हटलं. "वेगळं कशाला सांगू?"

त्याने तक्ता गुंडाळला. संध्याकाळी नवऱ्याला त्याचा निरोप आला की हॉलचं काम काढलंय, वर्ग दुसरीकडे बघा. काम वगैरे काही नव्हतं. आता मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत वर्ग घेते. आठांपैकी चार मुलं येतात. नवरा म्हणतो, तू दोन्हीकडून गेलीस. असेल.

किळस गेली म्हणावं तर तीही गेलेली नाही. शाळेत म्हणे अजून चिकटवतात, माझ्या जागी आलेली बाई करते. तिची मला दया येत नाही आणि रागही येत नाही. काम नीट करत असणार, कोपरे जुळवून.

गेल्या रविवारी आम्ही 'ळ' घेतला. अर्धा तास 'बाळ', 'केळं', 'काळा' म्हणत होतो. चौघांपैकी एकालाही जमला नाही.