उजव्या दंडावरचे डाग

"बाही वर कर," डॉक्टर म्हणाले.

सकाळचा राउंड चालू होता. वॉर्ड भरलेला, पेशंटचे नातेवाईक खाटांशी उभे. दुखणं मारायची इंजेक्शनं मोजणीत कमी भरली होती आणि साठ्याची तपासणी येणार होती. बाकी सिस्टरांना कोणी काही विचारलं नाही. मी बाही वर केली. उजव्या दंडाच्या मागं सुयांचे काळेनिळे डाग.

"बघा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "कितीही शिकवा यांना. शेवटी वस्तीतलीच."

शेजारी इन्चार्ज सिस्टर होत्या. मी त्यांना ताई म्हणायची. त्यांनी ट्रेमधली कात्री उचलली आणि परत तिथंच ठेवली.

माझी आई अमडापूरकडच्या वावरात निंदणाला जायची. दिवसभर वाकून. संध्याकाळी मी वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि तिची कंबर शेकायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. नर्सिंगचा निकाल लागला तेव्हा आई वस्तीभर सांगत फिरली, "माही पोरगी उभी राहून काम करीन. माह्यासारखी वाकून नाही." चिखलीच्या या खासगी दवाखान्यात मला सोडायला आली, तेव्हा ताईंचा हात धरून म्हणाली, "पोरगी तुमच्या भरोशावर हाय, बाई."

बदलीची सिस्टर आली नाही की माझीच ड्युटी पुढं चालायची. डॉक्टरांच्या ओळखीच्या सिस्टरा आपल्या घरी जायच्या, मी थांबायची. एक दिवस सलाईन लावायला वाकले ती उठताच येईना. ताईंनी कपडे बदलायच्या खोलीत नेलं, दार लावलं. सरांनीच सांगितलंय, म्हणाल्या. कंबर मोकळी होते. दुखणं मारायचं इंजेक्शन दंडात टोचलं. खरंच मोकळी झाली.

मग ती रीतच झाली. सिस्टरा त्याला 'चहा' म्हणायच्या, हसायच्या. डॉक्टर राउंडला विचारायचे, "हिचा चहा झाला का? संध्याकाळीही हिलाच थांबायचंय."

पुढं पुढं कंबर दुखत नसली तरी अंग सुई मागायचं. सुट्टीत घरी गेले की घाम, हातांना कंप. आईला वाटायचं, ताप आहे. ती वीट तापवायची.

आणि आता भर वॉर्डात, चोरी कबूल कर, माफी माग.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांचा एक शब्द पुरला असता.

"मी तर हिला पोरीसारखं जपलं, सर," त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या तोंडातून घरची बोली निघाली. "सुई मी उजव्या हातानं धरते, सर. मंग उजव्याच दंडाच्या मांगं मी मले कशी टोचीन? टोचलं कोनं, ते विचारा. चहा कोनं पाजला, ते विचारा."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. मी माफी मागितली नाही.

बुलढाण्याला व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन स्वतःच सांगितलं, मला सवय लागली आहे, सोडवा. ते दिवस कसे गेले हे आईला माहीत. डॉक्टर आणि ताईंविरुद्ध तक्रार मी स्वतःच्या नावानं केली. डॉक्टर अजून तिथंच आहेत, ताईही. बाजारात दिसल्या तर मी त्यांना हाक मारत नाही. माझ्याजवळ त्यांच्यासाठी शब्द नाही.

आज मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. सुई सुटली. बदली आली नाही तर वरिष्ठांना बोलावते, वॉर्ड त्यांच्या हातात देते आणि घरी जाते. माणसं पुरवणं दवाखान्याचं काम आहे. माझ्या कंबरेचं नाही.