न ओलांडलेली पन्हळ

कॉम्प्युटरची चांगली नोकरी सोडून मी प्राचीन इजिप्तचं पुरातत्त्व शिकवायला लागले, हे बाबांनी पुण्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी सुट्टीला घरी असताना काकांनी फोनवर विचारलं, की बाबा माझ्यासमोरच ठोकून द्यायचे, "कॉम्प्युटरमध्येच आहे." मला भयंकर राग यायचा. तीन वर्षं मी तो गिळत होते.

यंदा ते सिंगापूरला आले आणि माझ्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये चार दिवसांत कंटाळले. म्हणून एका सकाळी त्यांना माझ्या वर्गाला नेलं. माझा वर्ग म्हणजे संग्रहालयातलं एक दालन आणि विद्यापीठातली बारा मुलं. नियम एकच. वस्तूची माहिती लिहिलेली पाटी मी कागदानं झाकते आणि पंधरा मिनिटं मुलांनी नुसतं बघायचं. फोन बंद.

त्या दिवशीची वस्तू होती दालनाच्या मधोमध काचेत ठेवलेला एक दगडी पाट. त्यावर भाकऱ्या, बदक, सुरई असं काय काय कोरलेलं. मुलं एकाच बाजूला घोळका करून उभी राहिली. एकजण खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "चॉपिंग बोर्ड, लाह." बाकीचे हसले आणि गाडी तिथंच अडली. माझा पारा चढायला लागला. नेमकी बाबांसमोरच फजिती व्हायची होती!

बाबा मात्र बाकावरून उठून काचेभोवती हिंडत होते. पाटाच्या पलीकडच्या कडेला दगडाचीच एक पन्हळ बाहेर आली होती. तिथवर येऊन ते थबकले, उलटे फिरले आणि आल्या वाटेनं परत निघाले.

"अंकल, व्हाय यू टर्न बॅक, आह?" एका मुलीनं विचारलं.

बाबा ओशाळले. मला म्हणाले, "अगं, सवय. महादेवाला प्रदक्षिणा घालताना पन्हळ ओलांडत नाहीत ना. अभिषेकाचं पाणी जातं तिथून."

मी ते मुलांना इंग्रजीत सांगितलं. सगळा घोळका पन्हळीकडे धावला. म्हणजे यावरही पाणी ओतत असणार! पण कशासाठी? आणि ही भाकरी कुणाची? प्रश्नांना खळ पडेना. मी पाटीवरचा कागद काढला. मृतांना अन्नपाणी अर्पण करण्याचा पाट होता तो. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्यांचं नातं लागत नाही, हेही मी मुलांना बजावलं. पण मनातून मी अगदी खूश होते.

"पण मेलेला माणूस थोडाच जेवतो? ते अन्न खायचं कोण?" बाबांनी हळूच विचारलं.

"पुरोहित."

"तरीच!" म्हणून ते मनापासून हसले.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, काकांचा फोन आला. बाबा नेहमीसारखेच डबाभर ऐकू जाईल असं बोलत होते.

"अरे, तिच्या वर्गाला गेलो होतो. इजिप्त शिकवते ती. छे रे, कॉम्प्युटर केव्हाच सोडलं. तीन वर्षं झाली की!"

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सेंगकांग आलं, दारं उघडली. बाबा काकांना त्या दगडी पाटाची पन्हळ समजावत होते. मी त्यांना उठवलं नाही.