होयबाची ताई

गल्लीभराचे कपडे शिवणारी ताई जिभेची मोठी फटकळ. माप देताना पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तोंडावर सांगायची, पोट घरी ठेवून हिंडणार असाल तर तसं बेतते. पण धाकट्या भावाचा विषय निघाला की हीच बाई मऊ पडायची. भाऊ वयाने तिशीचा, समज सात-आठ वर्षांच्या पोराची. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला सांभाळलं, आणि बाहेर कुणाचा मार खाऊ नये म्हणून एक गोष्ट त्याच्या अंगी बाणवली: मोठ्या माणसाने काही विचारलं की वाद घालायचा नाही, 'हो' म्हणायचं. गल्लीने त्याचं नावच होयबा पाडलं. तिला त्याचंही कौतुक!

मग कोपऱ्यावरचं लाकडाचं गोदाम जळालं. होयबा तिथे आग बघत उभा. तूच लावलीस ना, असं पोलिसांनी विचारलं आणि तो हो म्हणाला. झालं, कबुली मिळाली. हा काडी ओढायलाही घाबरतो, असं ताईने घसा सुकेपर्यंत सांगितलं, पण ऐकतो कोण? अखेर कोर्टाने त्याला तपासणीसाठी एका मानसतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

तो एकटा बसेना, म्हणून बाईंनी ताईला मागच्या खुर्चीवर बसू दिलं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. ताईला हीच मोठी शिक्षा. त्यात बाई आगीचं नावच काढेनात. चित्रं काय दाखवतात, आवडीनिवडी काय विचारतात! भाऊ तुरुंगात जायची वेळ आली आणि यांचं आपलं निवांत चाललंय, म्हणून तिचा जीव नुसता वरखाली होत होता.

एवढ्यात त्याच सुरात बाईंनी विचारलं, "मघाशी तू माझा चष्मा फोडलास ना?"

चष्मा बाईंच्या नाकावर धडधाकट होता.

"हो," होयबा म्हणाला.

"आणि माझ्या हाताला चावलास?"

"हो."

ताईला हसू फुटणार होतं, तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं. हा 'हो' तिचाच होता. तिनेच शिकवलेला, पाठ थोपटून पक्का केलेला. आणि या बाईंनी एकही धागा न तोडता तो उसवून समोर ठेवला होता. ताई थक्क होऊन बघत राहिली. मग बाईंनी त्याला सांगितलं की माहीत नाही म्हटलं तरी चालतं, आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नानंतर त्या नुसत्या गप्प बसून राहिल्या. इतकी वाट त्याच्या उत्तराची कुणी कधी पाहिली नव्हती, ताईनेसुद्धा.

कोर्टात बाई एवढंच म्हणाल्या, "आग कुणी लावली ते मी सांगू शकत नाही. पण याच्या 'हो'वर विसंबता येणार नाही." दुसरा पुरावा काहीच नव्हता. होयबा सुटला.

बाहेर पायऱ्यांवर ताईने त्याला थांबवलं.

"माझ्यावर रागावलास?"

"हो," तो लगेच म्हणाला. ती गप्प राहिली, बाई राहायच्या तशी. "नाही," तो म्हणाला. तरी ती गप्पच. तो तिच्याकडे बघत बराच वेळ विचार करत राहिला.

"थोडा," तो म्हणाला.

एवढी फटकळ ताई, पण ती तिथेच पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली.