पिलावर बार नाही

बोदवडच्या स्टेशन रोडवर चहाच्या टपरीपाशी सुपडू नाना टेकले, की चहावाला मुद्दाम विचारायचा, "काय नाना, काल म्हणे कळपात पिलू व्हतं?"

एवढं विचारणं म्हणजे नानांना किल्ली देणं. मग नाना बशी खाली ठेवणार, मिशीला लागलेला चहा पंच्याच्या टोकानं टिपणार, डावा डोळा मिटणार आणि हातात नसलेली बंदूक खांद्याला लावणार. "व्हतं ना, भो! मायच्या पोटाखाली आसं लपेल. नेम धरेल, घोड्यावर बोट. अन् त्या पिलानं माह्याकडे पाह्यलं. बस. बंदूक खाली! सुपडूच्या बंदुकीतून पिलावर बार निंघत नाही. बापानं शिकवलं. बाप गेला, शिकवेल राह्यलं."

शेवटचं वाक्य आलं, की टपरीवरची माणसं ओठ हलवून नानांबरोबर म्हणायची. नानांना ते कळायचं आणि आवडायचंही.

नाना साठीच्या पुढचे. गावापासून लांब त्यांचं कोरडवाहू रान. कपाशी, तूर आणि थंडीत हरभरा. वडिलांना पिकाच्या राखणीसाठी मिळालेला बंदुकीचा परवाना पुढे नानांच्या नावावर झाला. वडील सशा-तितरांच्या मागे जायचे. तो जमाना संपला, शिकार बंद झाली, आणि बरंच झालं असं नाना स्वतःच म्हणायचे. पण रोह्यांचं, म्हणजे नीलगायींचं, काय करायचं? घोड्याएवढं जनावर, कळपानं येतं आणि एका रात्रीत हरभऱ्याचा शेंडा न शेंडा खुडून जातं. उरलेलं तुडवतं. गावानं अर्ज केला, की कधीमधी वनखात्याचा कागद यायचा. अमुक शिवारात, अमुक दिवसांपर्यंत, नुकसान करणाऱ्या रोह्या मारायला हरकत नाही. मारलेल्या जनावराला मात्र कोणी हात लावायचा नाही. खात्याची माणसं येणार, पंचनामा करणार, खड्डा खणून पुरणार. कागद आला, की आसपासचे परवानेवाले गोळा व्हायचे, आणि नाना त्यांचे म्होरके.

नानांच्या बांधाला लागून सुभाषचंद शेठची तूर होती. शेठचं बोदवडला धान्याचं दुकान. मूळ जैन घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथल्या मातीत मुरलेल्या. यंदा कागद आल्याचं कळताच शेठ स्कूटरवरून नानांच्या दारात आले. पायरीवरूनच हात जोडले.

"सुपडूजी, आपल्यात ते चालत नाही, तुम्हाला तर माहीत. मारायचं, नाही मारायचं, मला काही सांगू नका. मी ऐकलं नाही, मी पाहिलं नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "फक्त सुरुवात माझ्या तुरीच्या बाजूनं करा."

शेठ गेल्यावर नानांनी त्यांचे जोडलेले हात आणि तो उतरवलेला आवाज हुबेहूब करून दाखवला. त्यांची बायको शेवंताबाई हसून हसून भाकरी करपेपर्यंत तव्याकडे बघायची विसरली.

यंदाही धनसिंग आपली परवान्याची बंदूक घेऊन आला होता. शिरपूरकडचा, धुळे जिल्ह्यातला गडी. बहीण बोदवडला दिलेली, म्हणून कागद निघाला की हमखास यायचा. उंच, बोलायला कमी आणि बोलला की अहिराणीत, तोडून. नानांचा नियम त्याला बिलकूल पटत नसे. टपरीवर नानांनी बंदूक खांद्याला लावून दाखवली, तेव्हा सगळे हसले. धनसिंग हसला नाही.

"भाऊ, तू पिलाले सोडस अन् मायले मारस," तो म्हणाला. "मंग त्या पिलाले दूध कोन पाजी? तुना बाप?"

"पिलू सोबत असंल तं मी मायलेबी मारत नाही," नाना उसळले. "एकटी दिसली तरच बार."

"एकटी दिसनी म्हनजे एकटी शे का? मना सरळ हिशोब शे. माय पाडी, ते पिलूबी पाडानं. नही ते दोन्हीसले जाऊ दे. मरानंच शे ते गोळीनी मरो, भूकनी नको."

"कसाई हाय का रे तू?"

टपरी पुन्हा हसली. धनसिंगनं चहा संपवला, कप उपडा ठेवला. सगळ्यांचं मत नानांच्या बाजूनं पडलं. लहान जिवावर गोळी झाडू म्हणणाऱ्याच्या बाजूनं कोण उभं राहणार? नाना छाती काढून घरी आले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नाना आणि धनसिंग हरभऱ्याच्या बांधावर पोचले. कळप शेतातच होता. माणसाची चाहूल लागली आणि सगळा कळप माना वर करून, ढुंगण उडवत नाल्याकडे पळाला. एक भुरी मादी तेवढी राहिली. चार उड्या मारून गेली, थांबली, वळली आणि उभी राहिली. तोंड शेठच्या तुरीकडे.

नानांनी बंदूक उचलली, पण घाई केली नाही. नियम म्हणजे नियम. तिच्या पोटाखाली पाहिलं, मागे पाहिलं, हरभऱ्यात पाहिलं. पिलू कुठंच नव्हतं.

"ऱ्हाऊ दे, भाऊ," धनसिंग कानाशी पुटपुटला. "बठ्ठा कळप पळना, ती पळत नही. कसाले पळत नही, देख ना."

नानांना वाटलं, याला स्वतःला बार पाहिजे. काल टपरीवर हरला, आज हात अडवतोय. शिवाय जनावर आडवं, उभं, मोकळ्यावर. असा नेम वर्षातून एखादाच मिळतो. त्यांनी घोडा दाबला. मादी गुडघ्यांवर बसली आणि मग कुशीवर कलंडली. एकाच गोळीत. नानांनी धनसिंगकडे पाहिलं. मिशी बोलत होती.

पंचनाम्याला वनरक्षक आली ती मोहिनी नावाची तरुण मुलगी होती. खाकी कपडे, पायात चिखलानं भरलेले बूट, बोलणं अगदी सरकारी. "काका, आपण बाजूला व्हा. मृत प्राणी मादी. वय अंदाजे पूर्ण वाढ. जखम एक." ती सांगत होती, सोबतचा माणूस लिहीत होता. नाना सराईतासारखे उभे होते, कुठं सही करायची ते त्यांना पाठ होतं.

धनसिंग मात्र खाली बसला. मादीचा मागचा पाय त्यानं उचलून धरला. कास तट्ट फुगलेली होती. त्यानं अंगठ्यानं सड दाबला. पांढरी चिळकांडी उडाली आणि त्याच्या मनगटावरून मातीत ओघळली.

मोहिनीनं सांगायचं थांबवलं.

"इले पिलू शे," धनसिंग म्हणाला. "नवं शे. कळपना जोडे पळता येत नही म्हनीसन तुरीमा दडाडेल व्हई. तिकडेच देखी ऱ्हायनी व्हती ती."

नाना म्हणजे गाय-म्हशीत जन्म गेलेला माणूस. व्यालेली गाय गोठा सोडून हलत नाही, हे ज्याला शेंबडं पोर असल्यापासून माहीत, त्यानं ही मादी उभी का, हे एकदाही मनाला विचारलं नव्हतं. पिलू दिसतं का, एवढंच पाहिलं होतं.

तुरीत शिरून शोधायला वेळ लागला नाही. दोन ओळींच्या मधे, वाळल्या पाल्यात, मान जमिनीला चिकटवून ते पडलं होतं. रंग मातीचाच. डोळा तेवढा वेगळा. नाना वाकले तसं ते उठलं, लटपटलं आणि तुरीच्या दाटीत पळालं.

"धरू नका," मोहिनी म्हणाली. तिचा सरकारी सूर आता गेला होता. "पाठलाग केला तर घाबरूनच मरेल काका. मी वरती कळवते. पण खरं सांगू का, इतकं लहान असलं की कठीणच असतं."

ती फोन लावायला रस्त्याकडे गेली, तेव्हा धनसिंगनं आपली बंदूक हातात घेतली.

"सरक, भाऊ. एक बारनं काम शे. तुले नही जमत ते मी करस."

"माह्या बांधावर पिलावर बार होनार नाही."

"बांध तुना शे. भूक त्यानी शे."

"मी दूध पाजतो त्याले. शेळीचं आनतो. पाह्यजो तू, जगवतो का नाही."

"ते तुना हातनं पेवाव नही. दोन दिन वरडी, मंग वरडानंबी सोडी. कुत्रा ऱ्हातस आठे."

"जाय तू!" नाना ओरडले. आपण तुरीच्या आडवे दोन्ही हात पसरून उभे आहोत, हे त्यांना ओरडल्यावर कळलं. "कसाईच हाय तू! जाय तुह्या शिरपूरले!"

धनसिंगनं बंदूक उघडून काडतूस काढलं, खिशात टाकलं. जाताना एकदा मागे वळला. "मी तुना जोडे भांडाले नही उनू, भाऊ," म्हणाला आणि संध्याकाळची गाडी धरून निघून गेला.

नानांनी बोलल्याप्रमाणे सगळं केलं. शेळीचं दूध कोमट करून बाटलीत भरलं, बुचाला भोक पाडून कापडाची चिंधी लावली. तुरीच्या काठाला बसून म्हशीच्या पारडाला बोलावतात तसं जिभेनं टकटक करून पाहिलं, हंबरून पाहिलं. नानांचा आवाज म्हणजे असा, की खुद्द म्हैस फसावी. पिलू फसलं नाही. ते लांबून ओरडायचं, नाना हंबरले की गप्प व्हायचं, नाना पुढे सरकले की आणखी आत जायचं. नानांनी घरी जेवायला जाणं सोडलं. शेवंताबाई डबा घेऊन यायची आणि तसाच परत न्यायची. कुत्री फिरकली की नाना ढेकळं मारायचे. बंदूक शेजारीच होती. तिच्याकडे त्यांनी कितीदा पाहिलं, ते त्यांनाच माहीत. एकदा उचललीही. पिलू तेव्हा उघड्यावर आलं होतं, त्याची आई पडली होती नेमकं तिथं, माती हुंगत उभं होतं. त्या टप्प्यात नानांचा नेम डोळे मिटूनही चुकला नसता. बोट घोड्यावर गेलं आणि नानांनी बंदूक खाली ठेवली. त्या क्षणी, एवढ्या सगळ्यातही, आपण नियम पाळला याचं त्यांना जरासं बरं वाटलं. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच गोष्टीची.

पिलाचं ओरडणं थांबल्यावर नाना तुरीत शिरले. आता ते पळालं नाही. नानांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, चिंधी तोंडात दिली. दूध ओठांच्या कडेनं बाहेर आलं. ऊन चढायच्या आत ते गेलं.

मोहिनी आली, तिनं कागद केला, आईशेजारीच खड्डा घेतला. जाताना म्हणाली, "तुम्ही खूप केलंत काका." गावातही तेच. टपरीवर नवीनच गोष्ट तयार झाली होती: नाना दिवसरात्र उपाशी राहिले, पण पिलावर गोळी चालवली नाही, धनसिंगलाही चालवू दिली नाही. सुभाषचंद शेठ मिठाईचा पुडा घेऊन स्वतः आले.

"सुपडूजी, पुण्य केलं तुम्ही. आमच्या घरात सगळ्यांनी नाव घेतलं तुमचं. आपल्या हातानं नाही मारलं ना, बस, ते महत्त्वाचं."

नानांनी पुडा घेतला नाही. शेठ तो ओसरीवर ठेवून गेले. नंतर शेवंताबाईनं वाट पाहिली, पण नानांनी शेठचा आवाज काढला नाही.

थोड्या दिवसांनी दुपारी फोन वाजला. धनसिंग.

"काय व्हयनं रे त्या पिलानं?"

"गेलं."

"कसं?"

नाना ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांनी फोन या कानाचा त्या कानाला केला. "मारलं मी," ते म्हणाले.

"तू?"

"हाओ."

"एक बार मा?"

"एकाच बारात. तू गेला, त्याच सांजेले. वरडूबी देलं नाही."

मग धनसिंगचा आवाज आला, कधी नव्हे इतका मऊ. "बरं करं, भाऊ. तुले जड गयं व्हई. पन बरं करं. मी आठे ईसन रोज त्यानाच विचार करी ऱ्हायंतू."

नानांनी फोन ठेवला. शेवंताबाई दारात शेंगा निवडत होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"अवो, खोटं कायले सांगितलं त्याले?"

"त्याले तरी झोप येईन," नाना म्हणाले.

"अन् तुमाले?"

नानांनी पायात वहाणा सरकवल्या, खुंटीवरचा पंचा खांद्यावर टाकला, आणि शेठच्या तुरीकडून जाणारी जवळची वाट सोडून, सगळ्या शिवाराला वळसा घालत शेताकडे निघाले.