ढेपेवरची अडत

ऑफिसातले किस्से घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण एक दिवस कपाटाचं दार उघडावं तर सगळ्या अंगावर! आणि आमचं ऑफिस असं, की कपाटच कमी पडावं.

मी पंचवीस वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर काढली. ती पतसंस्था बंद पडली आणि मी एका मोबाइल गेमच्या कंपनीत लागले. हे सांगितलं की नातेवाईक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या नवऱ्याकडे. कंपनी म्हणजे तीन माणसं आणि शहरातल्या गारखेड्यात पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली गिरणी सुरू झाली की वर कीबोर्डवर पीठ बसतं. वैभव मालक, तो मूळचा सिल्लोडचा. इरफान कोड लिहितो, तो शहरातलाच. आणि मी सपोर्ट. सपोर्ट म्हणजे लोकांच्या शिव्या वाचायच्या आणि "आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत" असं उत्तर लिहायचं.

गेम शंकरपटाचा. बैल पळवायचे, शर्यत जिंकायची. खेळायला फुकट, पण बैलात दम आणायचा तर सरकीची ढेप घालावी लागते, आणि ती ढेप खऱ्या पैशांनी विकत घ्यावी लागते. शंभर रुपयांची ढेप विकली की तीस रुपये मोबाइलचं स्टोअर कापून घेतं, सत्तर आम्हाला. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "आमच्या पतसंस्थेत एवढं कापलं असतं तर लोकांनी काउंटर उचलून नेलं असतं!"

वैभवच्या वडिलांना सगळे नाना म्हणतात. सिल्लोडच्या मोंढ्यात त्यांची मक्या-कापसाची अडत आहे. त्यांनी लेकाला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. दिवाळीच्या महिन्यात ऑफिसनं भाडं आणि तिघांचे पगार स्वतःच्या कमाईतून काढले तर ठीक, नाहीतर शटर ओढायचं आणि सिल्लोडच्या गादीवर येऊन बसायचं. गादीचं नाव काढलं की वैभवचं तोंड उतरायचं. इरफानचं लग्न ठरलेलं, माझं वय पन्नाशीपुढचं. म्हणजे ती गादी तिघांच्याही मानेवर होती.

*

नाना ऑफिसात पहिल्यांदा आले ते उन्हाळ्यात. जिना चढून दमले होते. पाणी प्यायले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "पट्टी दाखव."

शेतकऱ्याचा माल विकला की अडत्या त्याला पट्टी देतो. किती वजन, काय भाव, काय कापलं, हातात किती. वैभवनं स्टोअरकडून आलेला हिशेब छापून समोर ठेवला. नानांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"तीस टक्के अडत? अन् हमाली, तोलाई येगळी?"

"हमाली नसते, नाना."

"मग माल उचलतं कोण?"

"माल नसतोच. ढेप चित्रातली आहे."

"गोदाम?"

"नाही."

"काटा?"

"नाही."

"पावसात भिजला तर?"

"नाना, चित्र कसं भिजेल!"

नानांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. वैभवला वाटलं, आता शिव्या येणार. पण नानांच्या चेहऱ्यावर चक्क आदर होता!

"आमी दोन-दोन टक्क्यासाठी जन्मभर लोकांचं ऐकून घेतलं," ते म्हणाले. "पोरा, तू हुशार हायेस, पण बसलास चुकीच्या बाजूला. गेम सोड. स्टोअर काढ!"

*

देवगाव रंगारीच्या एका काकांनी आमचा गेम फार मनावर घेतला होता. त्यांचा बैल सतत दुसरा यायचा. ढेप घ्यायची तर मधे स्टोअर तीस रुपये खातं, हे त्यांना कुठून तरी कळलं आणि त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी मेल टाकला, "पैसे सरळ तुमच्याकडं देतो."

आता स्टोअरचा नियम असा, की पैसे त्यांच्यामार्फतच घ्यायचे. गिऱ्हाइकाला दुसरा रस्ता नुसता बोटानं दाखवला तरी गेम काढून टाकणार. मी लिहिलं, "तसं करता येत नाही, क्षमस्व." काकांनी ते क्षमस्व काही मनावर घेतलं नाही. आठवड्यानं ते स्वतःच आले. खांद्यावर पन्नास किलोचं पोतं!

"ताई, रोख चालत नसंल तर ऱ्हाऊ द्या. ही अस्सल सरकी ढेप हाय. माझ्या बैलाला तुमची टाका, तुमच्या बैलाला माझी टाका. मधल्याचा संबंधच नाय!"

वैभव चाचरत म्हणाला, "काका, आमच्याकडं बैल नाही."

काकांनी खोलीभर नजर फिरवली. "बैल नाय, अन् शंकरपट काढला?"

काका पोतं तिथंच टाकून चहा पिऊन गेले. वैभव पोत्याकडे असा बघत होता, जसं काही त्यातून स्टोअरचा माणूस बाहेर येणार आहे. इरफाननं पोत्यावर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "भाई, इसमें से पंधरा किलो स्टोअर को कुरिअर करना पडेंगा क्या?"

*

पोळ्याच्या आधी आम्ही गेम सजवला. झुली, गोंडे, बाशिंगं, सगळं नवीन. सणाला विक्री चांगली होईल आणि दिवाळीपर्यंत गाडी रुळावर येईल, असा वैभवचा हिशेब. इरफाननं हौसेनं एक ढेपेचं दुकानही काढलं. दुकानात मिशीवाला दुकानदार, आणि वर पाटी, 'उधारी बंद. रोखीनं व्यवहार.' आपल्याकडे ही पाटी नसलेलं दुकान सापडणार नाही!

नवीन गेम स्टोअरकडे तपासायला पाठवला. तिसऱ्या दिवशी परत आला. कारण काय? गेममध्ये ग्राहकांना रोख पैसे भरायला सांगितलं जात आहे!

वैभवनं पत्र लिहिलं, "ही फक्त पाटी आहे. दुकानदार चित्रातला आहे. तो पैसे घेत नाही."

दोन दिवसांनी उत्तर आलं, "दुकानदार पैसे घेत नसल्यास तो मोबदला कोणत्या प्रकारे स्वीकारतो, ते कृपया स्पष्ट करावे."

वैभव डोकं धरून बसला. अशी आणखी चार पत्रं गेली-आली. शेवटी मी म्हटलं, पाटी बदला. इरफाननं 'उधारी बंद' पुसलं, 'रोखीनं' पुसलं, आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आज दुकान बंद आहे.' गेम एका तासात पास झाला!

पण तोवर पोळा होऊन गेला होता. आणि नंतर महिनाभर लोकांचे मेल येत राहिले, "दुकान कधी उघडणार?"

*

सोयगावचे एक निवृत्त तलाठी आमचे नियमित खेळाडू. शंभर भरले आणि त्यातले तीस दुसरीकडेच जातात, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मेल केला नाही, फोन केला नाही, वाईट रेटिंगही दिलं नाही. त्यांनी आम्हाला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज पाठवला! रजिस्टर पोस्टानं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून.

'माझ्या बैलाच्या नावे जमा केलेल्या रकमेपैकी रुपये तीस कोणत्या शासन निर्णयान्वये वळते करण्यात आले, त्याची साक्षांकित प्रत मिळावी.'

मी समजावून लिहिलं की आम्ही सरकारी कार्यालय नाही, हा कायदा आम्हाला लागू होत नाही. त्यांचं उत्तर आलं, 'आपण माहिती दिली नाही, यावरून आपले कार्यालय शासकीयच असल्याची खात्री पटली.' सोबत पहिलं अपील जोडलेलं!

मी पंचवीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई आहे. अशा माणसांशी वाद घालायचा नसतो, त्यांना जावक क्रमांक द्यायचा असतो. मी कोऱ्या कागदावर जावक क्रमांक एक टाकला, गोल शिक्का मारला आणि लिहिलं, 'आपला अर्ज स्टोअरकडे वर्ग करण्यात आला आहे.' तलाठी इतके खूश झाले, की त्याच दिवशी त्यांनी आणखी शंभरची ढेप घेतली!

*

मग स्टोअरचे नियम जरा सैल झाले. काही अटी पाळून आपल्या वेबसाइटवरूनही विकायला परवानगी मिळाली. वैभवला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "मॅडम, आता मधला कुणी नाही! शंभरची ढेप ऐंशीला देऊ. लोकांचे वीस वाचतील आणि आपल्याकडे सत्तरच्या जागी ऐंशी येतील!" त्यानं फळ्यावर भाडं, पगार, सगळं मांडून दाखवलं. दिवाळीपर्यंत बसत होतं सगळं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले.

"मॅडम, ऐंशीला कशी काय परवडायली तुम्हाला?"

"सर, यात कमिशन नाही, म्हणून."

"व्हय व्हय. पण मिसळलंय काय त्यात?"

मी म्हटलं, मिसळायला ती ढेप आहे कुठं, ते तर चित्र आहे! पण ढेपेत भुसा मिसळणारे लोक त्यांनी आयुष्यभर बघितलेले. एकानं तर घेऊन बघितली, त्याचा बैल हरला आणि तो भांडायला लागला, "ढेपीत दमच नव्हता! वजन वाढवलंय नुसतं!"

वैभवनं वेबसाइटवर 'शंभर टक्के शुद्ध' असं लिहिलं. त्यानं तर संशय जास्तच वाढला. शेवटी एक जुना खेळाडू मला समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, राग मानू नका. आमी आपली शंभराचीच घेऊ. स्टोअरवाला निदान तपासून तरी देतो!"

वैभवनं फळा पुसला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि मला त्याची फार दया आली. इरफाननंही होणाऱ्या सासऱ्याचा फोन उचलला नाही.

*

शेवटचा किस्सा मी अजून वैभवला सांगितलेला नाही. तुम्हीही सांगू नका.

घटस्थापनेच्या सुमारास आम्हाला एक गिऱ्हाईक लागलं. गेममध्ये त्यानं नाव घेतलं होतं 'खिल्लारी'. रोज सकाळी सर्वांत मोठं ढेपेचं पॅक घ्यायचा. एक दिवस खाडा नाही. स्टोअर गिऱ्हाइकाचं खरं नाव आम्हाला कळवत नाही, म्हणून हा कोण, कुठला, पत्ता नाही. इरफान त्याला 'शेठ' म्हणायचा आणि रोज आल्या आल्या विचारायचा, "शेठ आये क्या?" वैभवला वाटायचं, अखेर आपला गेम ओळखणारा कुणी तरी भेटला. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

दिवाळीच्या महिन्यात स्टोअरचे तीस कापून जे आलं, त्यात भाडं निघालं, तिघांचे पगार निघाले, वर थोडे उरलेही!

धनत्रयोदशीला नाना आले. वैभवनं पट्टी पुढे केली. नानांनी एकेक ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

"भागलं म्हणायचं," ते म्हणाले. "ऱ्हा मग इथंच."

वैभव वाकून पाया पडला आणि पेढे आणायला खाली पळाला. इरफानही त्याच्या मागे. मी डोळे पुसत होते. खोटं कशाला बोलू, मला त्या पोराइतकाच माझ्या पगाराचाही आनंद झाला होता.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. नानांनी जिन्याकडे बघितलं, बंडीच्या खिशातून मोबाइल काढला आणि हळूच माझ्या टेबलावर ठेवला.

"ताई, हे बघा बरं जरा. महिना झाला, रोज ढेप घालायलोय. बैल काय जागचा हलंना."

स्क्रीनवर आमचाच गेम होता. वर नाव, 'खिल्लारी'. गोठ्यात आढ्यापर्यंत ढेपेची पोती रचलेली आणि मधे एक बैल उभा. धावलेल्या शर्यती, शून्य.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो नाना! हेच पैसे तुम्ही वैभवच्या हातात दिले असते, तर शंभरचे शंभर पोचले असते ना!"

"हातात दिले असते, तर घेतले असते का त्यानं?"

खालून वैभवचा आवाज यायला लागला.

"बाप-लेकात सौदा म्हणलं की मधी अडत्या लागतोच, ताई," नाना म्हणाले आणि त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. "ते जाऊ द्या. पोरं वर यायलीत. ह्याला पळवायचं कुठून, तेवढं दावा लवकर!"